दोरीने बांधलेली ओळ

इंग्लंडातल्या लडलो गावी, ऑरेलच्या छापखान्यात, खिडकीजवळच्या फळीवर, शिशाच्या खिळ्यांची, म्हणजे छपाईच्या अक्षरांची, एक ओळ कायम दोरीने बांधून ठेवलेली असे. पुस्तक असो, लिलावाचे पत्रक असो की चर्चमधले प्रवचन, प्रत्येकाच्या तळाशी ती लागायची: 'लडलो येथे जे. ऑरेल यांनी छापले.' तेवढेच शब्द दर वेळी नव्याने कोण जुळवत बसणार? काम झाले की ओळ धुवायची, पुसायची, दोरीचे चार वेढे घालायचे आणि परत फळीवर ठेवायची. हे वेढे गेली बारा वर्षे टॅबिथा ऑरेल घालत आली होती.

टॅबिथा हातमोजे शिवणाऱ्याची मुलगी. तिच्या बोटांना बारीक कामाची सवय लहानपणापासूनची. लग्न होऊन ती छापखान्यात आली आणि पहिल्याच हिवाळ्यात उलटी अक्षरे सुलटी असल्यासारखी वाचू लागली. नवरा जोसाया हसून म्हणायचा, "तुला आरशात जन्माला घातलेलं दिसतंय." पुढे त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. बाहेर कळले असते तर गावाने काम दिले नसते, म्हणून टॅबिथा मागच्या खोलीत दार लावून पाने जुळवू लागली. जोसाया ती तयार पाने हातात घेऊन बाहेर यायचा आणि कामगारांपुढे ठेवायचा. "हे मी सकाळीच करून ठेवलं."

खिळे जुळवणारा म्हातारा जुळारी ओबडाया ट्रँटर पानावरून अंगठा फिरवायचा. शब्दांमधल्या फटी सारख्या, ओळींचे टोक सरळ. हे जोसायाला डोळे चांगले असतानाही कधी जमले नव्हते.

"मालक," तो म्हणायचा, "तुमची नजर दिवसेंदिवस तरुण होत चाललीय."

याहून जास्त कुणी बोलले नाही. बारा वर्षे सगळ्यांना ठाऊक होते आणि कुणालाच ठाऊक नव्हते.

सतराशे अडुसष्टच्या फेब्रुवारीत जोसाया गेला. मार्चमध्ये वुस्टरहून त्याचा धाकटा भाऊ अँब्रोज आला. त्याचे तिथे पुस्तकांचे दुकान होते. माणूस वाईट नव्हता. सगळे आपण ठरवावे आणि दुसऱ्याने आभार मानावेत, एवढीच त्याची अपेक्षा असे.

"वहिनी, तुम्ही आता घर सांभाळा. वरच्या दोन खोल्या तुमच्याच. उन्हाळाभर चाललंय तसं चालू दे. बार्थोलोम्यूच्या दिवशी मी येतो आणि खुर्चीत बसतो."

खुर्चीत बसणे म्हणजे काय, हे छापखान्यात कुणाला विचारावे लागत नसे. ऑगस्टच्या चोविसाव्या तारखेला, संत बार्थोलोम्यूच्या सणाला, मालकाने कामगारांना भाजलेल्या हंसाची मेजवानी द्यायची. तोवर दिवस लहान होत आलेले असतात, आणि त्या दिवसापासून संध्याकाळी मेणबत्त्या लावून काम सुरू होते. जो टेबलाच्या वरच्या टोकाला बसून हंस कापतो, तो येत्या वर्षाचा मालक. त्याने वाढलेले खाल्ले की कामगार त्याचे. कुठे सही नाही, शिक्का नाही. पण त्या ताटापुढे कोर्टाचा कागदही फिका पडावा.

टॅबिथा हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. दाराआड राहून बारा वर्षांत तिला न बोलण्याची सवय झाली होती.

एप्रिलमध्ये डॅमरिस प्रीस कापडात बांधलेले एक बाड घेऊन आली. डॅमरिस कॉर्व्ह स्ट्रीटवरची सुईण. तीस वर्षांत गावातली निम्मी डोकी पहिल्यांदा तिच्या हातात आली होती. टॅबिथाची दोन मुले जगली नाहीत, पण दुसऱ्या खेपेला टॅबिथा स्वतः जगली ती डॅमरिसमुळे. बाडात तिने स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिले होते: मूल आडवे आले तर हात कसा घालायचा, वार अडकली तर काय करायचे आणि काय मुळीच करायचे नाही, डॉक्टरला कधी बोलवायचे आणि कधी दाराबाहेर उभे करायचे.

"छापशील?" डॅमरिसने विचारले.

"छापीन. पण पुस्तकावर लेखक म्हणून काय घालू? अशा पुस्तकांवर बायका नाव घालत नाहीत. 'एका बाईने लिहिलेले' असं घालतात."

"कोण बाई? जिने रेशमी मोज्यांत बसून लिहिलं ती? अगं, क्लीच्या डोंगरावरच्या बाईला कळा लागल्या आणि शेजारणीने हे वाचून दाखवलं, तर तिला ठाऊक पाहिजे हे डॅमरिस प्रीस सांगतेय. मला ओळखतात म्हणून ऐकतील. नाव नसलेल्या बाईचं ऐकून कुणी मांडी तरी हलवेल का?"

"बरं. तुझं नाव घालते," टॅबिथा म्हणाली. आणि जोडीला, का कोण जाणे, म्हणून गेली, "तळाला माझंही घालते."

डॅमरिस खुशीत हसली. "मग आपण दोघी एकाच पानावर. वर मी, खाली तू. बाळंतपणात होतो तशाच."

उन्हाळाभर पुस्तक छापले गेले. ओबडाया पुढच्या खिडकीशी जुळणी करी, टॅबिथा मागच्या खोलीत. गाइल्स आणि ईनॉक हे दोघे यंत्रावर. ईनॉक लोकरीने भरलेल्या कातडी गोळ्यांनी शाई लावायचा, गाइल्स दांडा ओढायचा. मजकुरातल्या काही जागा छापताना गाइल्सचे कान लाल व्हायचे.

"वाचू नकोस, ओढ," ईनॉक सांगायचा.

"वाचत नाहीये. डोळ्यांपुढून जातंय."

"तुझ्या बायकोला सहावा महिना ना? मग वाच. पण ओढतही राहा."

छापखान्याची रीत अशी की नावाचे पान सगळ्यात शेवटी छापायचे. पुस्तक पुरे झाले, किती पाने झाली ते कळले, की मग नाव. म्हणून ते वचन एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत तसेच पडून राहिले. ऑगस्टच्या मध्याला अँब्रोजचे पत्र आले. सोबत डॉक्टर लेगार्ड यांची चिठ्ठी होती. पुस्तकासाठी आगाऊ पैसे देऊन नावे नोंदवणाऱ्यांची यादी पुस्तकातच छापली जाई. तीत डॉक्टर पहिले, आणि त्यांच्या शब्दावर आणखी अकरा प्रतिष्ठित माणसे. डॉक्टरांनी लिहिले होते, पुस्तक उपयुक्त आहे, परंतु एका सुईणीचे नाव उघडपणे मुखपृष्ठावर असलेल्या ग्रंथात आपले नाव येणे त्यांना रुचणार नाही. 'एका बाईने लिहिलेले' एवढे पुरे. अँब्रोजने खाली दोन ओळी जोडल्या होत्या: 'वहिनी, बारा जण गेले तर त्यांच्यामागे सगळे जातील. मग पुस्तक वाण्याच्या पुड्या बांधायला. डॅमरिसबाईंचे हित कशात आहे याचा विचार करा.'

टॅबिथाने तीन दिवस विचार केला. पुस्तक न निघण्यापेक्षा बिननावाचे निघालेले बरे, असे तिने मनाशी ठरवले. बावीस तारखेला, सोमवारी, तिने मागच्या खोलीत पान जुळवले. 'एका बाईने लिहिलेले.' हे जुळवताना तिचा हात दोनदा थांबला. तळाशी आल्यावर मात्र थांबला नाही. फळीवरची बांधलेली ओळ उचलली, जागेवर बसवली, दोरी सोडली. दुपारपर्यंत तीनशे प्रती निघाल्या आणि दोरीवर वाळत घातल्या गेल्या.

मंगळवारी सकाळी डॅमरिस आली. बाळंतिणीच्या घरून सरळ आली होती, बाह्या अजून वर होत्या. तिने दोरीवरचे एक पान खाली ओढून पाहिले. बराच वेळ पाहिले.

टॅबिथाने डॉक्टरांची चिठ्ठी, बारा नावे, सगळे सांगितले.

"कळलं," डॅमरिस शेवटी म्हणाली. "माझं नाव तू विचार करून काढलंस. तीन दिवस झोप लागली नसेल तुला, तोंडावर दिसतंय. आणि हे खालचं?"

टॅबिथाने खाली पाहिले. जे. ऑरेल.

"याचा तर तू विचारसुद्धा केला नाहीस," डॅमरिस म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुझं नाव काढायला कुणाची चिठ्ठीही लागली नाही, टॅबिथा. सहा महिने झाले तो बिचारा मातीत आहे, आणि अजून छापतोय."

पान पुन्हा दोरीवर घालून ती निघून गेली. दार तिने हळूच लावले, याचेच टॅबिथाला जास्त लागले.

त्यानंतर टॅबिथाने जे केले ते गाइल्स आणि ईनॉक यांनी डोळ्यांनी पाहिले. तिने बापाची कातडे कापायची मोठी कात्री आणली, दोरीवरून पाने उतरवली, आणि एकेका पानाला खालून मध्यापर्यंत चीर दिली. बाद पान ओळखायची छापखान्यातली हीच खूण. चीर दिसली की बांधणीवाल्याने ते पान काढून टाकायचे आणि त्या जागी नवे चिकटवायचे. ओळीत एक शब्द चुकला तर एवढी उठाठेव कुणी करत नसे. पूर्ण तीनशे पानांना चिरा पडताना त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या.

"मालकीणबाई," गाइल्स म्हणाला, "उद्या बार्थोलोम्यू. उद्या कुणी काम करत नाही."

"मला माहीत आहे."

"आणि परवापासून अँब्रोजसाहेब."

"तेही माहीत आहे." तिने शेवटच्या पानाला चीर दिली, कात्री पुसली. संध्याकाळी तिने स्वतः कोरा कागद पाण्यातून काढून, एकावर एक रचून, वर फळी ठेवली. कागद आदल्या दिवशी भिजवला नाही तर शाई धरत नाही. उद्या यंत्र कुणी ओढणार आहे की नाही हे तिला ठाऊक नव्हते. कागद भिजवलेला असला पाहिजे, एवढे ठाऊक होते.

बुधवारी सकाळी कामगार सणाच्या कपड्यांत आले. अंगणात टेबल मांडले होते, आतल्या भट्टीत हंस भाजायला गेला होता. टॅबिथा पुढच्या खिडकीशी, ओबडायाच्या शेजारच्या रिकाम्या जागी, खिळ्यांच्या खान्यांपुढे उभी होती. ती जोसायाची जागा. तिने कधीही तिथे पाऊल ठेवले नव्हते.

ओबडायाने टोपी काढली. "बाई, हे काय?"

"नावाचं पान जुळवतेय."

"मागच्या खोलीत जुळवा. मी घेऊन येतो, म्हणेन मी केलंय. मालकांचं चालायचं तसं."

"नाही ओबडाया. इथेच जुळवणार."

म्हाताऱ्याने गाइल्सकडे पाहिले, ईनॉककडे पाहिले. छापखान्यातले कामगार आपल्या मंडळीला चॅपल म्हणत. सगळ्यात जुना कामगार तो चॅपलचा बाबा, आणि त्याचा शब्द मालकालाही मोडता येत नसे. इथे बाबा ओबडाया होता.

"बाई, तुमचं काम मी बारा वर्षं बघतोय. तुमच्यासारखी जुळणी वुस्टरमध्ये नाही. पण पुढच्या खिडकीशी उभं राहायचं तर माणूस चॅपलचा पाहिजे. मालकसुद्धा आधी चॅपलचे होते, मग मालक झाले. नियम मी केलेला नाही."

"मग चॅपलमध्ये घ्या."

ईनॉकला हसू फुटले. "घ्या म्हणे. बाई, नव्या गड्याला काय करावं लागतं, ऐकलंय का? गुडघ्यावर बसायचं. आम्ही तिघांनी खांद्यावर शाईच्या गोळ्यांच्या लाकडी मुठी हाणायच्या. मग डोक्यावर बिअरचा मग."

"आणि मग?"

"मग काय. मग शिंकायचं. शिंकला की झाला चॅपलचा."

"ईनॉक, गप," ओबडाया म्हणाला. मग टॅबिथाला, जरा ओशाळून, "त्यानंतर तो नवा गडी सगळ्यात खालचा. वर्षभर टेबलाच्या दाराकडच्या टोकाला बसायचं, सगळ्यांचे मग भरायचे. तुम्ही मालकाची बायको आहात. हे तुम्हाला शोभणार नाही, आणि तुम्हाला असं करायला लावणं आम्हालाही नाही."

टॅबिथाने डोक्यावरची पांढरी टोपी काढली, घडी करून खिडकीत ठेवली. केस बरेच पिकले होते. झगा सावरून ती शाईने काळ्या झालेल्या फरशीवर गुडघे टेकून बसली.

"बिअरचा मग कुठाय?" तिने विचारले.

गाइल्सने जाऊन मग भरून आणला. मुठींचे तीन टोले पडले. गाइल्सचा इतका हलका की ओबडायाने त्याला पुन्हा मारायला लावला. "नियम म्हणजे नियम," तो म्हणाला. मग त्याने दोन्ही हातांनी मग धरला आणि बिअर तिच्या डोक्यावर सावकाश ओतली, पाद्री बाळाच्या डोक्यावर पाणी घालतो तशी. ती कानांमागून, मानेवरून काळ्या झग्यात उतरली.

टॅबिथा खरोखरच शिंकली.

"झाली," ईनॉक म्हणाला, आणि या वेळी हसला नाही.

ओले केस मागे बांधून ती खिडकीशी उभी राहिली. 'डॅमरिस प्रीस, लडलोच्या सुईण, यांनी लिहिलेले.' ओबडाया शेजारी उभा राहून पाहत होता. तळाच्या ओळीपाशी त्याने खाकरून सुचवले, "विधवा ऑरेल, असं घाला. ती रीत आहे. लंडनमध्येही चालते."

"विधवा मी जोसायाची आहे. हे पान त्याने जुळवलेलं नाही."

तिने पूर्ण नाव जुळवले. टॅबिथा ऑरेल. जुळलेले पान चौकटीत बसवून फर्मा आवळला, आणि तिने व ओबडायाने तो उचलून यंत्रावर ठेवला. गाइल्सने सणाचा कोट काढला. ईनॉक बाह्या सरसावत म्हणाला, "सणाच्या दिवशी काम म्हणजे चॅपल पाप करतंय. बाबा, चालेल?"

"चॅपल कधी चुकत नाही," बाबा म्हणाला. "ओढ."

निम्मी पाने निघाली होती तेव्हा अँब्रोज आला. नवा तपकिरी कोट, हातात हंस कापायची त्याची स्वतःची सुरी. दारातच त्याने दोरीवरचे पान वाचले.

"वहिनी. हे काय आहे? आणि तुमचे केस ओले का?"

"चॅपलमध्ये आलेय, भावजी."

त्याने पान पुन्हा वाचले. रागावला, पण व्यवहारी माणूस होता. लगेच मधला मार्ग काढला. "बरं, बरं. वरचं नाव काढाच. खाली हवं तर टी. ऑरेल घाला. एकच तर अक्षर बदलायचंय. टी म्हणजे थॉमस, टिमथी, कुणीही. कुणाच्या लक्षात यायचं नाही."

"म्हणूनच घालणार नाही."

"डॉक्टर लेगार्ड जातील."

"जाऊ देत. वर्गणीदारांच्या यादीतून त्यांचं नाव काढते. नाव नको असण्याचा त्यांचा हक्क आहे. तो त्यांच्या स्वतःच्या नावापुरता."

अँब्रोज पुढे झाला आणि फर्म्यावर वाकला. आवळलेल्या चौकटीची पाचर सैल करायला त्याने हात घातला. बोटे काळी झाली. यंत्र थांबले.

"साहेब," ओबडाया म्हणाला, "हात काढा."

"मी कोण आहे ते ठाऊक आहे ना तुला? आज दुपारपासून मी इथला मालक होणार आहे."

"होणार आहात. अजून झाला नाहीत. बाहेरच्या माणसाने फर्म्याला हात लावला तर चॅपलला पिंपभर बिअर पाजायची असते. गाइल्स, लिहून ठेव."

"बाहेरचा? मी जोसायाचा सख्खा भाऊ. आणि ही बाहेरची नाही?"

"ही होती, सकाळी आठपर्यंत," ईनॉक म्हणाला. "मग शिंकली."

गाइल्सने दांडा ओढला. उरलेली पाने अँब्रोजच्या देखत छापली गेली.

दुपारी सगळे अंगणात टेबलाशी गेले. अँब्रोजने ठरवल्याप्रमाणे केले. जोसायाची मोठी खुर्ची टेबलाच्या वरच्या टोकाला होती, तो सरळ जाऊन तिच्यात बसला आणि सुरी ताटाशेजारी ठेवली. टॅबिथा बिअरची सुरई घेऊन दाराकडच्या टोकाला, नव्या गड्याच्या बाकावर बसली. नियम म्हणजे नियम. बोलावणे गेल्यामुळे डॅमरिसही आली होती. ती टॅबिथाशेजारी बसली आणि ओले केस पाहून तिने खिशातून स्वतःचा कोरडा रुमाल काढून दिला.

आतून हंस आला. सोनेरी, चरचरणारा, पोटात सफरचंदे. तो ओबडायाच्या हातात होता. टेबलाच्या वरच्या टोकाला अँब्रोजने ताटासाठी जागा केली, सुरी उचलली.

ओबडाया तिथवर गेला, क्षणभर उभा राहिला. मग अँब्रोजच्या पाठीमागून वळून टेबलाच्या कडेकडेने चालत राहिला आणि थेट दाराशी येऊन त्याने हंस टॅबिथापुढे ठेवला.

"बाबा," ती हलकेच म्हणाली, "हे खालचं टोक आहे."

"हंस जिथे ठेवतात ते वरचं," तो म्हणाला. "कापा. गार होईल."

सुरी अँब्रोजपाशी होती. टॅबिथाने सकाळी पुसून ठेवलेली बापाची कात्री मागवली आणि हातमोज्याचे कातडे कापावे तशा सरळ रेषांत हंस कापला. पहिला तुकडा ओबडायाच्या ताटात, दुसरा गाइल्सच्या, तिसरा ईनॉकच्या. तिघांनी तिच्याकडे पाहतच घास घेतला. मग तिने चांगला मांडीचा तुकडा निवडून ताट अँब्रोजकडे पाठवले. पाहुण्याला देतात तसा.

अँब्रोजने ताटाकडे बराच वेळ पाहिले. मग खाल्ले. "चांगला भाजलाय," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी वुस्टरला परत गेला. पिंप मात्र त्याने पाठवले.

डॉक्टर लेगार्ड यांनी प्रत नेली नाही. त्यांच्यामागे अकरा नाही, पण सात गेले. उरलेल्या प्रती विकल्या जायला दोन वर्षे लागली, बऱ्याचशा आठवडी बाजारात, लोण्याच्या टोपल्यांशेजारी. गाइल्सच्या बायकोने बाळंतपणाआधी एक वाचून घेतली. मुलगी झाली.

मेजवानीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी टॅबिथाने फळीवरची जुनी ओळ घेतली, दोरी सोडली, आणि तिचे खिळे एकेक करून आपापल्या खान्यात टाकले. मग पुढच्या खिडकीशी उभी राहून नवी ओळ धुतली, पुसली, आणि तिच्याभोवती तीच दोरी गुंडाळली. चार वेढे पुरले नाहीत. नाव लांब होते. तिने पाचवा घातला.